बिनरंगाची बाटली

ए-साठी निळी, बी-साठी पिवळी,
आणि तिसरी, डी-ची, पाण्यासारखी.
नवी मुलं विचारतात, हिलाच रंग का नाही?
मी म्हणते, पद्धत आहे.

पूर्वी ती बाटली म्हणजे एफी मच होती.

वर्षातून चारदा गार्डनस्टाउनहून
दोन बस बदलून ॲबर्डीनला यायची.
आधी जिन्यावर टाचा वाजायच्या,
मग धुरावलेल्या हॅडॉकचा वास.
बावीस वर्षं धुरीघरात मासे टांगलेले हात,
कितीही घासा,
पेरांत मुरलेलं जात नाही.
"डावा घे गं," म्हणायची, "उजव्याची शीर रुसलीय."

तिच्या रक्तात काय होतं ते फाइलीत होतं.
पहिला मुलगा, हयात, ट्रॉलरवर.
दुसरी मुलगी, कावीळ, नऊ तास.
तिसऱ्यापुढे नुसती तारीख.

शरीराला कोण समजावणार.
त्यानं एकदा परकं म्हटलं ते म्हटलं.
बापाचं रक्त घेऊन आलेलं लेकरू
पाहुणं की चोर, विचारलं नाही,
फक्त खूण लक्षात ठेवली,
आणि दार ठोठावणारं कुणी उरलं नाही
तरी एकोणीस वर्षं हत्यार परजत बसलं.

आम्ही ते हत्यार मागून घ्यायचो.
कोमट काचेवर कुणा अनोळखी बाईचा थेंब,
त्यात एफीचा थेंब,
काडीनं ढवळायचं, काच डोलवायची.
दूध नासावं तसे दाणे धरले, तर पॉझिटिव्ह.
गुळगुळीत राहिलं,
तर त्या बाईला वेळेत एक सुई,
म्हणजे तिचं शरीर ती खूण
कधी शिकणारच नाही.

एकदा धीर करून विचारलं,
हे तुमच्यात कुठून आलं, ठाऊक आहे?
"न कळायला काय झालं,"
बिस्किट चहात बुडवत ती म्हणाली,
"तिचंच आहे ते.
फोटो काढायचं सुचलं नाही कुणाला."

मग मोनोक्लोनल आलं.
माणसाची एक पेशी, जिला डी ओळखता येतो
पण मरण चुकत नाही;
उंदराच्या गाठीतली एक, जिला ओळख कशाचीच नाही
आणि मरणही नाही.
दोघींचं लावून दिलं.
गुलाबी पाण्यात त्यांचा गोतावळा वाढला,
एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी लाखावी,
सगळ्यांना एकच धडा पाठ,
दर खेपेला तोच, तितकाच जोरकस.
एफीचं रक्त कधी जहाल निघायचं, कधी मवाळ.
लीस्कसाहेबांना ते कधीच आवडलं नव्हतं.

पत्र मी टाइप केलं.
"आपल्या दीर्घ सहकार्याबद्दल... यापुढे आवश्यकता..."
तीन कागद फाडले. चौथा पहिल्यासारखाच होता.

ऑक्टोबरच्या मंगळवारी टाचा वाजल्या.
पर्समध्ये माझंच पत्र, चार घड्या घातलेलं.
"मिळालं," म्हणाली, आणि कोट काढून
बाही वर करायला लागली, आणि थांबली.
"बघू तरी कोण आहे ती."

साहेब जेवायला गेले होते.
मी तिला उबवणीच्या कपाटापाशी नेलं.
आतल्या काचेतून चपटे फ्लास्क दिसत होते,
बुडाशी गढूळ सर.
"कुणाचं?"
नाव नसतं, म्हटलं, नंबर असतो.
"कुणीतरी असेलच ना मागे. एखादी बाई."
असेल.
बराच वेळ बघत राहिली.
काचेवर तिच्या श्वासाची वाफ
धरायची आणि जायची.
"गारठत नाहीत ना?"
सदतीस अंश, म्हटलं, रात्रंदिवस.
"मग ठीक."

खाली उतरताना कठडा धरला होता.
मी पेटीतून बसभाडं काढून दिलं,
नेहमीसारखं, आणि तिनंही मोजून घेतलं.
वहीत लिहिलं:
श्रीमती ई. मच, येणं-जाणं, तीन पौंड दहा.
"काय घेतलं" या रकान्यात
पेन टेकवलं,
ठिपका उमटला,
तो तसाच आहे.